चितळचा सव्वा तास

१

शुक्रवारी संध्याकाळी श्रावण खोब्रागडे अंगणात बसून वायरी सोलत होते, आणि त्यांची मुलगी उत्पला उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. चंद्रपुरात फेब्रुवारीची थंडी अजून टिकून होती. उत्पला रोज सातच्या एसटीने राजुऱ्याला जाई. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात ती ग्रंथपाल होती. श्रावण इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपात होते, एकोणीस वर्षं.

"उद्या गाड्यायची शर्यत हाय," ते म्हणाले. "तीन तीन पोट्टे मिळून एक गाडी बनवते. नवीन विषयच काढला गुणवंतराव सरानं. ड्रायव्हर नाई, दोरी नाई. जमिनीवर पांढरी पट्टी मारली का गाडी आपली तिच्यावरून धावते."

"तिला पट्टी दिसते कशी?"

"डोळे हायेत ना. उजेड समजते तिले. म्हणून तं मले वर लटकवून राह्यले. ट्यूबलाईट थरथरते अन् गाडी बावचळते. वीस बल्ब लावाचे हायेत उद्या. तू ये ना पाहाले."

"उद्या कपाटांची पडताळणी आहे, बाबा."

"गाडीवर परत करायची तारीख लिहून ठेवतो," ते बायकोकडे पाहून म्हणाले. "मंग येईन ती."

अंजनाबाई चुलीपाशी हसल्या. उत्पलाही हसली. श्रावणना डाव्या कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे ते उजवा कान पुढे करून हसत. रात्री भाकरी आणि लाखोळीची भाजी झाली, आणि सगळे लवकर झोपले.

शनिवारी पाच वाजता राजुऱ्याच्या कॉलेजात फोन आला. उत्पला दवाखान्यात पोचली तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि खाटेवरची चादर तोंडावर ओढलेली होती. डॉक्टर तरुण होता. तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "डोक्याला मार होता. तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

कॉलेजचा अहवाल चौथ्या दिवशी घरी आला. गुणवंतराव सरांची सही होती. सदर कर्मचाऱ्याने बोर्डावरील फ्यूज न काढता शिडीवर चढून काम केले, त्यामुळे विजेचा धक्का बसून तो खाली पडला. मृत्यूस त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे.

घरी भन्तेजी आले, त्रिशरण झालं. येणारा प्रत्येक जण मनाला शांती लाभो म्हणाला. उत्पला मान हलवत राहिली. सगळे गेल्यावर तिने दवाखान्यातून मिळालेलं कपड्यांचं गाठोडं पहिल्यांदा सोडलं. शर्टाच्या खिशात कंगवा होता. पँटच्या खिशात मुठीएवढा, चिनीमातीचा पांढरा फ्यूज होता, आणि त्यावर लाल रंगाने तीनचा आकडा काढलेला होता. अक्षर बाबांचं होतं.

ती कितीतरी वेळ तो हातात धरून बसली. फ्यूज बाबांच्या खिशात होता, तर अहवालात लिहिलेला बोर्डावरचा फ्यूज कोणाचा?

२

वर्कशॉपचा शिपाई रामाजी तिला पाहून स्टुलावरून उठला. "बाई, तुमी काऊन आल्या? बोलावलं असतं तं मी आलो असतो."

"बोर्ड पाहायचा आहे, रामाजीभाऊ."

लांब हॉल होता. जमीन काळी रंगवलेली, तिच्यावर पांढरी पट्टी वळणं घेत गेलेली. वर वीस बल्ब ओळीने लागले होते. शेवटचा जरा वाकडा होता. एका टोकाला प्लायवूडची भिंत घालून प्रोजेक्टची खोली केली होती, तिला बाहेरून वेगळं दार होतं आणि त्या दाराशेजारी आतल्या बाजूला फ्यूजचा बोर्ड होता. सहा खाचा, सहा फ्यूज. पाचांवर लाल आकडे होते. तिसऱ्यावर काहीच नव्हतं.

"हा आपला नाई," रामाजी वाकून पाहत म्हणाला. "आपल्या सगळ्याइले श्रावणभाऊनं नंबर टाकले होते. ते पद्धतच होती त्यायची. जो वर चढला त्यानं फ्यूज काढाचा अन् सोताच्या खिशात ठेवाचा. खाच रिकामी दिसली का समजाचं, माणूस कामावर हाय. पहिल्या वर्षाच्या पोट्ट्याइले पहिल्या दिवशी हेच सांगत."

"म्हणजे सगळ्या मुलांना माहीत होतं."

"न माहीत असून कसं चालन? त्या दिवशी तं पाटीवर बी लिहिलं होतं. दुपारी एक ते तीन, लाईन तीन बंद."

तिसऱ्या लाईनीवर दोनच गोष्टी होत्या, हॉलचे वरचे दिवे आणि प्रोजेक्ट खोलीतलं टेबल. उत्पलाने ते दोनदा विचारून घेतलं. मग तिने विचारलं, "तुम्हाला बाबा कसे सापडले?"

रामाजीने गमछ्याने तोंड पुसलं. शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं होतं. पोरं खानावळीत, सर नागपूरच्या पाहुण्यांबरोबर विश्रामगृहात जेवायला, आणि तो स्वतः गेटपाशी मांडवात खुर्च्या लावत होता. साडेतीनला तो आत आला.

"पयले मेन स्विच पाडला मी. मंग जवळ गेलो. खरं सांगू का बाई, दुरून मले वाटलं झोपले श्रावणभाऊ. थकले असन म्हटलं."

"झोपले का वाटलं?"

"डोक्याखाली त्यायचाच दुपट्टा होता ना. चांगली चौघडी घालून ठेवलेला."

उत्पलाने हातातली पिशवी खाली ठेवली. शिडीवरून पडलेला माणूस आपल्या डोक्याखाली दुपट्ट्याची घडी घालत नाही. साडेतीनच्या आधी कोणीतरी तिथे आलं होतं. त्याने बाबांना जिवंत पाहिलं होतं, डोकं उचलून धरलं होतं, उशी केली होती, आणि तो निघून गेला होता.

"अर्ध्या तासात शर्यत लावली हो," रामाजी हळूच म्हणाला. "जीपमधी त्याइले टाकलं, शिडी बाजूले केली, पावणेचारले मेन चालू केला. पाहुणे आले होते ना."

"जिंकलं कोण?"

"चितळ. ते खुशालची गाडी."

३

चितळ गाडी टेबलावर होती. सायकलच्या चेनवर चालणारी, पाठीवर स्कूटरची बॅटरी आणि सर्किटचा एक उघडा पट्टा, त्यावर कॅलक्युलेटरसारखी बटणं. तिचे तिघे मालक होते. एटापल्लीकडचा वारलू आत्राम, सिरोंच्याचा लच्छू कोंडावार आणि वरोऱ्याजवळचा खुशाल वासेकर.

वारलू टेबलापाशीच सापडला. त्याचे हात काळे होते आणि तो तिच्याशी बोलताना ते पाठीमागे लपवत होता.

"ताई, ही चाकं श्रावणभाऊनंच वळवून देल्ली. मले म्हणत, तू लोखंडाशी गोंडीत बोलतं का रे, ऐकते बाप्पा तुझं."

"गाडी चालते कशी, मला सांगशील? मला त्यातलं काही कळत नाही."

"मले बी अर्धंच कळते," वारलू म्हणाला. "हा पट्टा म्हणजे तिचा मेंदू. बटणं दाबून दाबून प्रोग्रॅम टाकाचा. अठराशे वेळा दाबा लागते. सव्वा तास. अन् करंट एक घडी गेला का सगळं साफ. पुन्हा पहिल्यापासून."

"बॅटरीवर नाही टाकता येत?"

"बॅटरी पाऊण तास पुरते. टाकता टाकताच मरन. म्हणून टेबलाच्या लाईनवर टाकाचा, अन् शर्यतीच्या जरा आंधी बॅटरी जोडून उचलाची."

उत्पला ग्रंथपाल होती. गोष्टी आपापल्या जागी लावणं हे तिचं रोजचं काम. तिने तिथेच उभ्या उभ्या तास लावायला सुरुवात केली.

"त्या दिवशी कधी टाकला?"

"सकाळी टाकला ना आमी तिघांनी. मंग एकले लाईन बंद होणार होती, ते ध्यानातच नाई आलं..." त्याने गाडीकडे पाहिलं.

"तू कुठे होतास दुपारी?"

"चाकाचा छर्रा फुटला होता. सायकलच्या दुकानात गेलतो, पावणेचार वाजेपर्यंत. दुकानवाल्याले विचारा. आलो तं गाडी बाहेर लिंबाखाली उभी होती, लाल दिवा चालू." त्याने काळे हात पँटला पुसले. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "शर्यत चारले सुरू झाली. शेवटच्या वळणावर ती रांगून राह्यली होती, ताई. रेघ ओलांडली अन् मेली. बॅटरी संपली होती."

बॅटरी पाऊण तास पुरते. चार वाजून पाच मिनिटांनी संपली. म्हणजे ती तीन वाजून वीस मिनिटांनी जोडली होती.

४

लच्छू कॅन्टीनमध्ये भजी खात होता. तिला पाहून त्याने बशी दूर सारली, मग काय करावं न कळून तिच्यापुढेच सरकवली.

"खा ना ताई. आमच्या कॅन्टीनचा चहा पिणाऱ्याले सरकारनं पदक द्याले पायजे."

"प्रोग्रॅम टाकताना तू काय करत होतास?"

"मी वाचतो, खुशाल दाबतो. वही असते ना. मी पुजाऱ्यासारखा म्हणत जातो, तीन ई, शून्य शून्य. एक आकडा चुकला का गाडी भिंतीवर."

"ती वही शनिवारी दुपारी कुठे होती?"

"सरच्या कपाटात. ह्या विषयाचा नियमच हाय, शर्यतीच्या दिवशी बारा वाजता वही जमा. नाईतर मार्क गेले. पाच टीमच्या पाची वह्या कुलपात." लच्छूने बशी परत स्वतःकडे ओढली.

"बाकीच्या चार गाड्यांना प्रोग्रॅम लागतो?"

"नाई. त्या साध्या, रिलेवाल्या. मेंदू आमचीलेच हाय."

"आणि तू दुपारी?"

"खानावळीत होतो, मंग मांडवात रामाजीभाऊसंग खुर्च्या. खुशाल म्हणे मी झोपतो जरा."

"वहीशिवाय तुला टाकता आला असता?"

"मले माझा रोल नंबर पाठ नाई, ताई."

"वारलूला?"

"तो बटणाले हात लावत नाई. मोठी बोटं हायेत म्हणते."

"मग तुम्ही विचारलं नाहीत? एकला लाईन गेली, सकाळचा प्रोग्रॅम पुसला. साडेतीनला मेन पाडला. पावणेचारला चालू झाला. आणि चारला गाडीच्या डोक्यात सगळं जागच्या जागी."

लच्छू टेबलावरच्या पाण्याच्या डागाकडे पाहत राहिला. "आमी जिंकलो होतो, ताई," तो म्हणाला. "जिंकल्यावर कोण विचारते?"

उत्पला उठली. आता तिला शंका राहिली नव्हती. तीन वीसच्या आधी सव्वा तास म्हणजे दोन वाजून पाच मिनिटं. दोनच्या सुमाराला कोणीतरी रिकाम्या खाचेत बाहेरून आणलेला फ्यूज बसवला. वही कुलपात होती, कुलपाची किल्ली सरांच्या खिशात, आणि सर पाहुण्यांच्या पंगतीला. अठराशे बटणं न चुकता दाबायला ती पाठ असावी लागतात. आणि ती एकालाच पाठ होती.

तिला शांती नको होती. एवढे दिवस तिला एक नाव हवं होतं. ते मिळालं तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा तिला संकोच वाटला नाही.

५

खुशाल वासेकर हॉस्टेलच्या गच्चीवर पुस्तक घेऊन बसला होता. उंच, सावळा, शर्टाच्या कॉलरला इस्त्री. तो पुण्याच्या भाषेत बोलण्याचा प्रयत्न करी.

"बसा ना ताई. फार वाईट झालं. श्रावणभाऊ आमच्यासाठी वडिलांसारखे होते."

उत्पला बसली नाही. तिने पिशवीतून तीन आकड्याचा फ्यूज काढून गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारी तो नंबर नसलेला. दुसरा रामाजीने तिला काढून दिला होता.

"हा कुठून आणलास?"

त्याने नजर पुस्तकात वळवली. तिने घाई केली नाही. तिने एकामागून एक तास सांगितले, वाचनालयाच्या नोंदी वाचाव्यात तसे, आवाज न चढवता. दोन पाच, तीन वीस, साडेतीन, चार पाच. वही. कुलूप. बॅटरी. ती बॅटरीपर्यंत आली तेव्हा खुशालने पुस्तक मिटलं.

"मी हाक मारली होती," तो म्हणाला. पुण्याची भाषा कुठच्या कुठे गेली. "दोनदा. श्रावणभाऊ म्हटलं. आवाज नाई आला. मले वाटलं जेवाले गेले असन. फिजिक्सच्या लॅबमधून फ्यूज आणला होता मी."

"खाच रिकामी होती."

"हो."

"रिकाम्या खाचेचा अर्थ तुला पहिल्या वर्षी सांगितला होता."

"हो."

"हॉलमध्ये जाऊन पाहायला किती पावलं लागतात?"

"पंधरा." त्याने हे मोजलेलं होतं, तिला कळलं. त्याने ते फार वेळा मोजलेलं होतं.

"आणि मग?"

"शिडी पडल्याचा आवाज आला. मी धावत गेलो. श्वास चालू होता ताई, रक्त नव्हतं. मले वाटलं चक्कर आली. दुपट्टा ठेवला डोक्याखाली." त्याने पुस्तक बाजूला ठेवलं. "मले वाटलं येतील शुद्धीवर. दोन वाजून गेले होते. सव्वा तास लागते. तेवढाच वेळ उरला होता."

"मध्ये एकदा तरी उठून पाहिलंस?"

"उठलो तं आकडा चुकला असता."

खाली मैदानात कोणीतरी व्हॉलीबॉल खेळत होतं. खुशाल तोंडावर हात ठेवून बोलू लागला. पुण्याच्या कंपनीचे साहेब पाहुण्यांत होते, पहिला येईल त्याला ते नोकरीला घेणार होते, घरातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. मग तो म्हणाला, "अन् मले वाटलं, श्रावणभाऊच तं हायेत. त्याइचं काय, ते थांबतील. ते नेहमीच थांबत."

उत्पलाचा हात कठड्यावर होता. तो तिने काढून घेतला.

श्रावणभाऊच तं हायेत. प्राध्यापक असते तर हा धावत गेटपर्यंत गेला असता. तिला ह्या वाक्याचा राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं. राजुऱ्याच्या स्टाफरूममध्ये कोणी विचारलं, तुमचे वडील काय करतात, तर गेली आठ वर्षं ती म्हणत आली होती, इंजिनिअरिंग कॉलेजात आहेत. समोरचा म्हणे, अरे वा, शिकवतात का. ती त्यावर नुसती हसे. त्या शनिवारी कुठलीही पडताळणी नव्हती. सहकारी बाईंचा भाऊ बाबांच्या कॉलेजात होता, आणि बाबा खाकी कपड्यांत शिडीवर असणार होते. ह्या मुलाने त्यांना थांबवून ठेवलं. तिनेही आठ वर्षं तेच केलं होतं.

त्यामुळे खुशालचा अपराध तसूभरही कमी होत नव्हता. तिने ते स्वतःशी नीट तपासून पाहिलं.

"हे सगळं लिहून दे," ती म्हणाली. "तुझ्या अक्षरात, वेळेसकट. दोन प्रती."

"देतो. पण निरोप समारंभ होऊन जाऊ द्या. पुढच्या रविवारी हाय. माझे बाबा येऊन राह्यले गावावरून. त्याइनं कॉलेज कधी पाह्यलं नाई." तो रडू लागला होता. "माफ करा ताई. श्रावणभाऊ असते तं त्याइनं केलं असतं."

बाबांनी केलं असतं, हे तिला माहीत होतं. तिने पिशवीतून कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडून त्याच्यापुढे धरला.

"तुझे बाबा येणार आहेत तर बरंच झालं," ती म्हणाली.

६

रविवारी सकाळी तिने एक प्रत पोलीस ठाण्यात दिली आणि पोच घेतली. दुसरी गुणवंतराव सरांच्या टेबलावर ठेवली. ती वाचताना सरांनी दोनदा चष्मा काढला.

"बाई, पोरगं हुशार आहे. झालं ते फार वाईट झालं, पण माणूस तर परत येत नाही. आपण अहवालात दुरुस्ती करू. निष्काळजीपणा हा शब्द काढून टाकतो. आजच टाईप करून देतो."

"कोण वाचेल ती दुरुस्ती?"

"फाईलला राहील ना."

"फाईलला राहू द्या. मला आज व्यासपीठावर दोन शब्द बोलायचे आहेत."

सरांना हे आशीर्वादाचे दोन शब्द वाटले असावेत, किंवा तसं वाटून घेणं सोयीचं असावं. त्यांनी मान हलवली.

हॉल तोच होता. काळ्या जमिनीवर सतरंज्या आणि खुर्च्या होत्या. अंजनाबाई पहिल्या रांगेत रामाजीजवळ बसल्या होत्या. वारलू आणि लच्छू भिंतीपाशी उभे होते. खुशाल व्यासपीठावर, हातात चितळचं प्रशस्तिपत्र. त्याचे वडील तिसऱ्या रांगेत, डोक्याला नवा फेटा, हात मांडीवर जुळवून, भाषणातला प्रत्येक शब्द कळत असल्यासारखे समोर पाहत होते.

उत्पलाने त्यांच्याकडे पाहिलं. ह्या माणसाने तिचं काही बिघडवलं नव्हतं. न बोलता घरी जाण्याची वेळ अजून गेली नव्हती. ती उठून माइकपाशी गेली.

"आता आपल्या दिवंगत श्रावणभाऊंच्या कन्या आपल्याशी बोलतील," सर म्हणाले. "त्या स्वतः ग्रंथपाल आहेत."

"माझं नाव उत्पला श्रावण खोब्रागडे," ती म्हणाली. माइक खरखरला. तिने तो थोडा खाली केला. "मी राजुऱ्यात लोकांना आठ वर्षं असं समजू दिलं की माझे वडील ह्या कॉलेजात शिकवतात. ते शिकवत नव्हते. ते वर्कशॉप अटेंडंट होते. खाकी कपडे घालून शिडीवर चढत. हे बल्ब त्यांनी लावले. त्या दिवशी वर चढण्याआधी त्यांनी फ्यूज काढून खिशात ठेवला होता. तो खुशाल वासेकरने परत बसवला. बाबा पडल्यावर त्यांच्या डोक्याखाली त्याने दुपट्टा ठेवला आणि त्यांचा श्वास चालू असताना, पंधरा पावलांवर बसून, सव्वा तास बटणं दाबली. हे त्याने लिहून दिलं आहे. त्याने माझी माफी मागितली आहे. माझे वडील असते तर त्यांनी ती दिली असती."

तिसऱ्या रांगेतला फेटा व्यासपीठाकडे, मुलाकडे वळला होता.

"मी देत नाही," उत्पला म्हणाली.